लेडी चिल्टर्ननं फाडलेलं पत्र

प्रश्न : ऑस्कर वाइल्डचं ‘अ‍ॅन आयडियल हजबंड’ हे नाटक आमच्या वाचनगटात नुकतंच वाचलं. फॅक्टरी कायदे, मताधिकार यांवरच्या सभांना जाणारी लेडी चिल्टर्न शेवटी ‘पुरुषाचं आयुष्य बाईच्या आयुष्यापेक्षा मोलाचं’ असं म्हणते, तेव्हा आम्ही सगळ्याच चिडलो. वाइल्डचं हेच मत होतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मीही चिडले होते. कॉलेजात हे नाटक शिकवायचे, तेव्हा मुली दरवर्षी याच पानावर अडायच्या. एका वर्षी मी दोघींना उभं केलं. एकीनं तिच्या नवऱ्याचा मित्र लॉर्ड गोरिंग तिला करतो तो उपदेश वाचला, दुसरीनं लेडी चिल्टर्नचे शब्द. वाक्यं जवळजवळ तीच! तो ‘स्त्रीचं आयुष्य’ म्हणतो तिथं ती ‘आमचं आयुष्य’ म्हणते, एवढाच फरक. वर ती नवऱ्याला सांगते, हे मी आत्ताच लॉर्ड गोरिंगकडून शिकले. हा विचार तिचा नाही, हे प्रेक्षकांना कळावं म्हणूनच वाइल्डनं ही घोकंपट्टी ठेवली, असं मला ठाम वाटतं. ‘द वुमन्स वर्ल्ड’ या मासिकाचा तो 1887 ते 1889 संपादक होता. मासिकाच्या नावातलं ‘लेडी’ काढून ‘वुमन’ त्यानंच आणलं.

आता भानगड बघा. लेडी चिल्टर्नचा नवरा, राजकारणी रॉबर्ट चिल्टर्न, यानं तरुणपणी सुएझ कालव्याच्या शेअर्सची गुप्त सरकारी बातमी एका बॅरनला पत्रानं विकली. हे शेअर्स डिझरायलीच्या ब्रिटिश सरकारनं 1875 मध्ये सुमारे 40 लाख पौंडांना खरोखरच घेतले होते, त्यामुळे 3 जानेवारी 1895 ला हेमार्केट थिएटरात पहिल्या प्रयोगाला बसलेल्यांना ही गोष्ट परकी नव्हती. मिसेस चेव्हली त्या जुन्या पत्राच्या जोरावर त्याला नाचवते. तिनं अर्जेंटिनाच्या बनावट कालवा कंपनीत पैसे घातलेत, ते तिला बुडू द्यायचे नाहीत, म्हणून रॉबर्टनं संसदेत त्या योजनेला पाठिंबा द्यावा असा तिचा आग्रह. लेडी चिल्टर्न आणि मिसेस चेव्हली एकाच शाळेतल्या, आणि संसदेच्या निवडणुकीत मत दोघींनाही नाही. ते इंग्लंडमधल्या बायकांना 1918 मध्ये मिळालं, तेही तिशीपुढच्या काहींनाच. राजकारणात हात घालायचा तर दोघींपुढे वाट एकच, पुरुषाचं पत्र. पहिल्या अंकाच्या शेवटी लेडी चिल्टर्न नवऱ्याला समोर बसवून मिसेस चेव्हलीला नकाराचं पत्र लिहायला लावते. चौथ्या अंकात मंत्रिपद नाकारणारं त्याचं पत्र तीच फाडते. नवरा निष्कलंकच हवा हा तिचा हट्ट मला म्हणूनच समजतो. जे काम तिला स्वतःला करता येत नव्हतं, ते सगळं तिनं त्याच्यावर सोपवलं होतं.

गटात पुन्हा वाचाल तेव्हा हे दोन्ही पत्रांचे प्रसंग पाठोपाठ मोठ्यानं वाचा. लेडी चिल्टर्न दोन्हीकडे एकीलाच द्या, आणि फाडायला खरा कागद घ्या.