जोडीदार गेलेल्यांच्या सपोर्ट ग्रुपचा खरंच उपयोग होतो, की तिथं नुसतं दुःख उगाळलं जातं?

उपयोग होतो. हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन चार महिने झाले, आई अठ्ठावन्नची, दिवसभर गप्प असते, कुणीतरी ग्रुप सुचवलाय आणि मावशी म्हणतात तिथं जाऊन दुःख उगाळायचं कशाला. हे वाचलं आणि लिहायला बसले, कारण अगदी हेच मला माझ्या थोरल्या दिरांनी ऐकवलं होतं, ओसरीवर, पाहुण्यांसमोर.

माझे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, ४१ वर्षांचे होते. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. त्या वर्षी इतक्या बायका एकट्या पडल्या की सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी सरांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली आणि ठिकठिकाणी बायका जमायला लागल्या. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसायचो. पिक्चरमध्ये दाखवतात तसं गोल खुर्च्या मांडून एकेकानं मन मोकळं करायचं, तसलं काही नाही. मी गेले तर शेजारच्या ताईंनी कसे गेले, कुठं ॲडमिट होते, काहीच विचारलं नाही, म्हणाल्या, "गॅस कुणाच्या नावावर आहे? पासबुक आणलंस का?" पासबुकावरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि आदल्या मे महिन्यावर थांबलं, ३३० रुपये कट. "अगं ही जीवनज्योती आहे, दोन लाखाचा विमा, क्लेम टाक." मला पत्ताच नव्हता. ह्यांनी कधीतरी बँकेत फॉर्म भरून ठेवला होता आणि घरी सांगायचं राहून गेलं असणार. ते कळलं आणि मी तिथंच हमसून हमसून रडले, दहाव्याला रडले नव्हते तशी. कुणी "गप्प बस, पोरांकडं बघ" म्हटलं नाही. एकीनं पाण्याची बाटली पुढं केली, आणि ताई आपल्या कागदावर लिहीत राहिल्या, मृत्यूचा दाखला, आधार, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं.

त्याच दिवशी एक जण म्हणाली की मी ह्यांच्या मोबाईलचा रिचार्ज अजून मारते, घरी सांगितलं नाही, येडी म्हणतील. तर आणखी दोघी म्हणाल्या आम्ही पण मारतो. एकीनं लगेच सांगितलं, मारत राहा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. हे घरात कुणाशी बोलणार?

आता दीर. त्यांचं म्हणणं, घरात एवढी माणसं असताना बाहेरच्या बायकांत जाऊन रडायची काय गरज. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. घरातल्या माणसांपुढं रडता येत नाही दादा. मी रडले की सासूबाई रडतात, त्यांचाही मुलगा गेलाय, मग त्यांचं बीपी वाढतं, मग पोरं घाबरतात, म्हणून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. आणि तुम्ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र टाईप करून आणलं होतंत, "फक्त सही कर, दुकानाचं मी बघतो." दुकान ह्यांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात अशा वेळी पहिले वारस बायको, मुलं-मुली आणि आई, त्यात भाऊ येत नाही, हे मला गटातच कळलं. तिथल्या कुणाचाच माझ्या दुकानात जीव अडकलेला नव्हता, म्हणून त्यांचं सांत्वन मला खरं वाटलं. दुकान आज मी चालवते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, शासनानं परिपत्रकही काढलं, फार चांगलं झालं. पण ठराव झाला म्हणून जाऊबाई मला ओटी भरायला पुढं बोलावत नाहीत. संक्रांतीला गटात आम्ही एकमेकींना हळदीकुंकू लावलं, ते कागदावरच्या ठरावापेक्षा मोठं.

ऑनलाइन ग्रुप मात्र बघून निवडा. एका ठिकाणी बाई स्लाईडवर दुःखाचे पाच टप्पे समजावत होत्या आणि कोण कितव्या टप्प्यावर आहे विचारत होत्या. मनोविकारतज्ज्ञ डॉ. क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्यावरून मार्क कशाला देता? ज्या ग्रुपमध्ये कुणी पॉलिसी विकतंय, बाबांचा सत्संग सुचवतंय किंवा पुरुष मंडळी पर्सनलवर मेसेज करताहेत, तिथून बाहेर पडा.

आणि हो, सगळ्यांना गट मानवत नाही. आमच्यातल्या एक काकू दोनदा येऊन थांबल्या, दुसऱ्यांचं ऐकून त्यांना रात्री झोप लागेना. आई जेवतच नसतील, मला पण न्या असं काही बोलत असतील, तर गटाची वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आईला जबरदस्तीनं नेऊ नका. पेन्शनच्या नाहीतर बँकेच्या कागदाचं निमित्त करून एकदा नेऊन बघा, आणि सोडून बाहेर थांबा, आत बसू नका, तुमच्यासमोर त्या बोलणार नाहीत. मावशींना सांगा, काळजी वाटत असेल तर संध्याकाळी येऊन बसा, पण आईनं कुठं जायचं ते आई ठरवेल. आणि वर्षभर तरी घराच्या कागदावर त्यांची सही कुणालाही घेऊ देऊ नका. तुम्हीसुद्धा घेऊ नका.