पानांत पिकणारी औषधे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पालेभाजीत इन्सुलिन तयार करतात असे वाचले. आईची इंजेक्शने बंद होतील का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: आज तरी नाही, त्यांचा एकही डोस चुकू देऊ नका. इन्सुलिन हे प्रथिन आहे, ते नुसते गिळले तर पोटात पचून जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हेन्री डॅनियल यांच्या गटाने लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीच्या हरितलवकांत (पानाच्या पेशींतील हिरव्या कणांत) इन्सुलिनचे जनुक बसवले. वनस्पतिपेशीची भिंत जठरातील आम्लाला दाद देत नाही. पुढे आतड्यातील जीवाणू ती फोडतात आणि औषध तेथे मोकळे होते. पाने गोठवून वाळवली की भुकटी फ्रिजशिवाय टिकते. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंशांत ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो व भारनियमनही असते, म्हणून मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र हे निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. माणसांसाठी या भुकटीला मान्यता नाही. घरी फ्रिज नसेल तर सध्याच्या इन्सुलिनची कुपी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावी.

प्रश्न: कपाशीऐवजी अशी पिके घेता येतील का? (शेतकरी, जिंतूर)

उत्तर: उघड्या शेतात नाही. 2002 मध्ये अमेरिकेत औषधी मक्याची (औषध बनवण्यासाठी जनुक बदललेल्या मक्याची) रोपे पुढच्या हंगामातील सोयाबीनमध्ये उगवली, सोयाबीन नष्ट करावे लागले आणि कंपनीला दंड झाला. अशी लागवड बंदिस्त हरितगृहातच व्हावी.

प्रश्न: ही औषधे गरिबाला परवडतील का? (आशा कार्यकर्ती, औसा)

उत्तर: शुद्धीकरण आणि शीतसाखळी (कारखान्यापासून रुग्णापर्यंत औषध थंड ठेवण्याची व्यवस्था) टळल्यास उत्पादनखर्च घटेल, पण किंमत केवळ खर्चावर ठरत नाही. इन्सुलिनच्या शोधकांनी 1923 मध्ये आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी 1 डॉलरला दिले, तरीही शंभर वर्षांनंतर ते अनेकांना परवडत नाही. गाजराच्या पेशींत बनणाऱ्या गौशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरील औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. तेही महागच राहिले. याउलट, त्याच वर्षी भारताने सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवण्याची सरकारी परवानगी) दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपयांवरून 8,800 रुपयांवर आला. म्हणून नव्या औषधाचे पेटंट कोणाकडे राहील आणि सरकार ते किती संख्येने व कोणत्या दराने विकत घेईल, हे प्रश्न ते बाजारात येण्याआधीच विचारले पाहिजेत. सक्तीच्या परवान्याची तरतूद पेटंट कायद्याच्या 84 व्या कलमात आजही आहे.