हिवाळा सौम्य झाला, मग गहू का घटतो?

प्रश्न: थंडी दर वर्षी कमी होत चालली आहे, असे वाचतो. हिवाळी गहू (थंड देशांत शरदात पेरून पुढच्या उन्हाळ्यात काढतात तो) तर महिनोन्‌महिने गारठून पडलेला असतो. ऊब वाढली तर त्याचे भलेच व्हायला हवे. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तो तर पिकाचे खाद्य. तरी उत्पादन घटण्याची भीती का घालतात?

उत्तर: आपल्याला गव्हाचा पाला हवा असता, तर तुमचे म्हणणे मी लगेच मान्य केले असते. पण हवी असते ओंबी, आणि हिवाळी गव्हाला ओंबीची परवानगी थंडीच देते. साधारण ० ते १० अंश तापमानाचे, जातीनुसार ४ ते ८ आठवडे. ही मुदत भरली नाही तर फुटवे येत राहतात, ओंबी मात्र रेंगाळते किंवा निसवतच नाही. (वसंती गव्हाला, म्हणजे त्या देशांत वसंतात पेरतात त्याला, ही अट नसते. तरी लोक दोन्हींचे आकडे खुशाल एकत्र करतात.)

मला धास्ती वाटते ती ऐन हिवाळ्यात येणाऱ्या उबदार आठवड्याची. हळूहळू थंडीला सरावलेले कणखर जातीचे रोप उणे १५ अंशही सोसते, कारण त्याचा वाढबिंदू (जिथून नवी पाने आणि ओंबी फुटते तो कोवळा शेंडा) जमिनीत २-३ सेंटिमीटर खाली असतो आणि वर बर्फाचे पांघरूण. ऊब आली की बर्फ वितळतो, रोपाचा सराव सुटतो. मागून कडाका पडला की रोप मरते. सरासरीत हा हिवाळा सौम्यच दिसतो!

वसंतातला धोका याहून फसवा. ऊब लवकर आल्यामुळे गहू लवकर कांडी धरतो, म्हणजे त्याचे खोड उभे वाढू लागते, आणि वाढबिंदू जमिनीच्या वर येतो. मग उणे ४ अंश दोन तास टिकले तरी इजा होते. फुलोऱ्यात उणे १ सुद्धा पुरे. पाने हिरवीच असल्याने बांधावरून काही कळत नाही. मी विद्यार्थ्यांना ब्लेड घेऊन शेतात नेत असे. कांडे उभे चिरायचे: वाढबिंदू पांढरट-हिरवा आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि पिचपिचीत असेल तर मेलेला.

पुढे उन्हाळी झळा. दाणा भरताना तापमान एक अंशाने चढले की भरण्याचे दिवस सुमारे तीनने घटतात आणि दाणा चिमतो. पिकाच्या वाढीचे गणित मांडणाऱ्या ३० संगणकी प्रारूपांवरून २०१५ साली काढलेला अंदाज असा, की जागतिक तापमानवाढीच्या दर अंशामागे गव्हाचे जागतिक उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल.

पण उष्णताच खलनायक असते असे नाही. २०१६ सालचा फ्रान्स पाहा. आधीचा डिसेंबर विक्रमी उबदार, मग वसंतात पाऊस हटेना. जूनच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सीन नदीला पूर. ढगांमुळे ऊन कमी, जमीन चिबडलेली, ओंब्यांवर बुरशी. दुष्काळ नव्हता, तरी गहू आदल्या वर्षापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी घटला.

कार्बन डायऑक्साइडचा फायदा खरा आहे. गहू त्यावर वाढतो, पाणीही थोडे वाचवतो. पण गोठलेल्या वाढबिंदूला त्याचा काय उपयोग? आणि जो दाणा भरतो, त्यात प्रथिने कमी उतरतात.