हप्ते भरतोय, पण उमेद संपली

‘हप्ता एकही चुकवलेला नाही, पण आता आतून बळच येत नाही.’ मोठं कर्ज फेडणारी माणसं समुपदेशनासाठी येतात तेव्हा हे वाक्य या ना त्या शब्दांत कानावर पडतंच. यांच्यात बेफिकीर माणसं जवळजवळ नसतात. उलट हिशेबाला पक्की, दिल्या शब्दाला जागणारी, स्वतःवरचा खर्च आधी कापणारी अशी ही माणसं. पहिलं वर्ष-दीड वर्ष ती जिद्दीने भरतात. मग मधेच कुठेतरी असा काळ येतो की दर महिन्याला पैसे जातात, बाकी मात्र जागची हललीय असं वाटत नाही. ‘एवढी वर्षं उत्साह टिकवायचा कसा?’ असं ती विचारतात. या प्रश्नाचं माझं उत्तर एका केसमधून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ. भागीदारीतला व्यवसाय बुडाला, देणी यांच्या वाट्याला आली. नोकरी धरली आणि बरीचशी जुनी देणी एकत्र करून दहा वर्षांचं एक मोठं कर्ज घेतलं, वार्षिक १२ टक्के व्याजाने. त्याखेरीज क्रेडिट कार्डावर बाकी होती आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने पैसे होते. माझ्याकडे आले तेव्हा मोठ्या कर्जाचे ५४ हप्ते भरून झाले होते. आणलं होतं पत्नीने.

“मॅडम, कर्जाचं काहीतरी करा असं मी म्हणत नाही. ते मी फेडणार आहे. पण सकाळी उठलं की वाटतं, कशासाठी हे सगळं?”

“बाकी किती राहिली, हे दिवसातून किती वेळा बघता?”

ते जरा चपापले. “मोबाइलवर दिसते ना. चार-पाचदा तरी बघतोच.”

“आणि ती कधी बदलते?”

“महिन्यातून एकदा. तीही जेमतेम.”

पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “हे आमच्यात बसलेले असतात, पण लक्ष त्या आकड्यापाशी असतं. मुलीने काही विचारलं तरी दोनदा हाक मारावी लागते.”

पुढच्या काही भेटींत एक गोष्ट ठळकपणे दिसायला लागली. वाचनालयाची वर्गणी त्यांनी बंद केली होती. मित्रांना भेटणं थांबवलं होतं, ‘उगाच विषय निघतो’ म्हणून. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमालासुद्धा जात नव्हते. कारण विचारलं की प्रत्येक वेळी तेच उत्तर यायचं, “कर्ज फिटलं की बघू.”

मी विचारलं, “समजा, आज रात्रीत सगळं फिटलं. उद्या सकाळी पहिलं काय कराल?”

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “वाचनालयात जाईन. नुसता बसेन तिथे तासभर.”

“वाचनालयात बसायला कर्ज फिटावं लागतं?”

ते हसले नाहीत. खाली बघत राहिले. मग म्हणाले, “माझ्यासारख्याने बसू नये असं वाटतं.”

पैशाचा प्रश्न स्वतःच्या लायकीचा प्रश्न होऊन बसला होता. कर्ज डोक्यावर असेपर्यंत आपल्याला आनंदाचा, विश्रांतीचा, चारचौघांत मान वर करून बसण्याचा हक्क नाही, ही समजूत फार खोलवर रुजलेली असते. बाहेरून ती कर्तव्यदक्षता वाटते, म्हणून घरचेही तिचं कौतुक करतात. दोन-तीन महिन्यांची ओढाताण असेल तर ती चालूनही जाते. पण दहा वर्षं स्वतःला शिक्षा देत कुणी उमेदीने काम करू शकत नाही. अशा माणसाला ‘खचू नका, धीर धरा’ म्हणून काही उपयोग नसतो. तो आधीच धीर धरून बसलेला असतो आणि त्यानेच थकलेला असतो.

वर्गणी त्यांनी पुन्हा सुरू केली. थोडं हलकं वाटू लागलं, पण मूळ निराशा तशीच होती. एकदा ते तिरीमिरीत म्हणाले, “साडेचार वर्षं! मॅडम, साडेचार वर्षं भरतोय आणि अजून ६९ टक्के मुद्दल बाकी आहे. सगळं व्याजातच जातंय. मी फेडत नाहीये, नुसता भरतोय.”

मी त्यांना पुढच्या वेळी कर्जाच्या परतफेडीचं वेळापत्रक छापून आणायला सांगितलं. या कागदावर प्रत्येक हप्त्याची ओळ असते: हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, उरलेली बाकी. त्यांनी आणलेल्या प्रतीत शेवटच्या रकान्यावर पेनाने इतक्या खुणा केलेल्या होत्या की कागद तिथे फाटायला आला होता. बाकीचे रकाने कोरे. मी तो शेवटचा रकाना एका कोऱ्या कागदाने झाकला आणि म्हटलं, “आता व्याज आणि मुद्दल, एवढंच वाचा. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने.”

ते वाचू लागले. पहिल्या हप्त्यात दर शंभरातले जवळजवळ ७० व्याजाचे, ३० मुद्दलाचे. पुढच्या ओळीत मुद्दल किंचित जास्त, व्याज तेवढंच कमी. आवाजात कंटाळा होता. विसाव्या-पंचविसाव्या ओळीच्या सुमारास ते स्वतःच म्हणाले, “दर वेळी थोडं थोडं सरकतंय.” मी काही बोलले नाही. आणखी पुढे गेले. ५१व्या ओळीपर्यंत व्याजाचा आकडा मोठा होता. ५२वी ओळ वाचली आणि थांबले. ५१वी परत वाचली, मग पुन्हा ५२वी.

“इथे मुद्दल जास्त आहे.”

“हो.”

“हा हप्ता तर भरून झालाय माझा.”

“तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा आलात त्याच्या दोनच महिने आधी.”

त्यानंतर ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे मी ‘कशासाठी’ म्हणत होतो तेव्हा…” वाक्य अर्धंच सोडलं. डोळे पुसले आणि पेन मागून घेतलं. ५२व्या ओळीखाली रेघ मारली, झाकलेला रकाना उघडला आणि स्वतःहून पुढचं शोधू लागले. ७७व्या हप्त्याला बाकी निम्म्याखाली जात होती. म्हणजे पहिलं ३१ टक्के मुद्दल फेडायला ५४ हप्ते लागले, आणि पुढचं १९ टक्के अवघ्या २३ हप्त्यांत होणार होतं. राहिलेलं निम्मं कर्ज शेवटच्या ४३ हप्त्यांत. हप्ता तोच.

यात जादू काही नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून सुरुवातीला ते हप्त्याचा मोठा भाग खातं आणि मुद्दल घटेल तसं आपोआप कमी होतं. महिना १ टक्का व्याज असेल तर हप्त्यातला मुद्दलाचा भाग दर महिन्याला १ टक्क्याने वाढतो. बँकेतला कुणीही हे सांगू शकेल. पण हे ऐकणं वेगळं आणि आपल्याच साडेचार वर्षांच्या कष्टांत ते बोट ठेवून बघणं वेगळं. हा कागद मी अनेकांना मोठ्याने वाचायला लावला आहे आणि या कृतीवर माझा पूर्ण भरवसा आहे. ‘माझ्या हातून काही होत नाही’ ही भावना समजावून जात नाही, पुरावा दिसला की जाते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की आपण हे करू शकतो हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून दाखवलेल्या गोष्टींतून येतो. मी त्याच विचाराची आहे.

म्हणून माझं उत्तर असं की उत्साह टिकवण्याच्या मागे लागू नका, आपण काय मोजतोय ते तपासा. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये म्हटलं होतं की उद्दिष्ट जवळ येतं तसा प्रयत्नांचा जोर वाढतो. मधल्या वर्षांत सुरुवातीची जिद्द ओसरलेली असते आणि शेवट नजरेत आलेला नसतो. तिथे मन मंदावणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. मिनजुंग कू आणि आयलेट फिशबाक यांच्या २०१२च्या अभ्यासातून याला चांगली जोड मिळते: झालेलं आणि उरलेलं यांतला जो भाग लहान असेल त्याकडे लक्ष दिलं तर माणूस जास्त नेटाने काम करतो. निम्मं मुद्दल फिटेपर्यंत किती फेडलं ते लिहा, त्यानंतर किती उरलं ते. बहुतेक जण पहिल्या दिवसापासून उरलेलंच बघत बसतात. आणि बघायचं ते महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, शक्यतो जोडीदाराबरोबर. हप्ता खात्यातून आपोआप वळता होऊ द्या, म्हणजे दर महिन्याला नव्याने मनाची तयारी करावी लागत नाही.

आधी कोणतं कर्ज फेडायचं, हाही नेहमीचा प्रश्न. हिशेबाने बघितलं तर सर्वांत महाग कर्ज आधी. क्रेडिट कार्डावर महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर ते वर्षानुवर्षं संपत नाही. या गृहस्थांनी कार्ड आधी मिटवलं आणि बंद केलं. त्यानंतर मात्र मी मेहुण्याचे पैसे द्यायला सुचवलं, त्यांना व्याज शून्य असूनही. रक्कम लहान होती, पण तिच्यापायी हे सासरी जात नव्हते. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जनिवारण योजनेतल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते कर्जमुक्तीपर्यंत पोचण्याची शक्यता जास्त होती, मग ती खाती लहान का असेनात. एक घेणेकरी पूर्णपणे मिटला की मनाला मिळणारी मोकळीक व्याजदरात मोजता येत नाही.

जास्तीचे सगळे पैसे कर्जात ओतून हात रिकामे करू नका. थोडी गंगाजळी नसेल तर पहिल्याच आजारपणात कार्ड बाहेर येतं, मग अपराधीपणा, मग ‘आता गेलंच आहे तर जाऊ दे’. चुकलेल्या एका महिन्यापेक्षा हे ‘जाऊ दे’ जास्त नुकसान करतं. हप्ता चुकणार असं दिसलं तर आधीच कर्ज देणाऱ्याशी बोला आणि पुढचा हप्ता नेहमीसारखा भरा.

दोन ठिकाणी मात्र हा सगळा सल्ला लागू नाही. घरखर्च आणि हप्ते मिळून मिळकतीच्या बाहेरच जात असतील, तर तिथे मनोबलाचा विषयच येत नाही. मुदत वाढवणं, हप्ता कमी करून घेणं याबद्दल बोलावं लागेल. हप्ता भरायला नवं कर्ज काढू नका. आणि ‘मी नसलो तर सुटतील सगळे’ असा विचार मनात येत असेल तर तो आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. या विचाराने आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातून बाहेर पडलेलीही पाहिली आहेत. हिशेब नंतर बघता येतो.

या गृहस्थांचं कर्ज अजून चालू आहे. बाकी निम्म्याखाली गेल्यावर त्यांनी उरलेलं मोजायला सुरुवात केली. मागच्या भेटीत त्यांना नोकरीत जास्तीचे पैसे मिळाले होते आणि पूर्वीच्या सवयीने ते सगळे मुद्दलात टाकायचा विचार होता. आम्ही हिशेब मांडला. थोडे गंगाजळीत गेले, मोठा भाग मुद्दलात. उरलेल्यातून मुलीला प्रवासाला न्यायचं ठरलं. मुदतीआधी भरल्याबद्दल काही शुल्क पडतं का, तेवढं बँकेत विचारून मग भरा, असं मी त्यांना सांगितलं.