आधी चिखल बघ, फ्लेमिंगो नंतर

दुर्बीण घेतलीस, छान. पण पहिल्याच फेरीत फ्लेमिंगोंच्या मागे धावू नकोस. ओहोटीची वेळ बघून मुंबईत भांडुपच्या बाजूला ठाणे खाडीवर ये आणि दहा मिनिटं नुसता चिखल बघ. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची, मुळं पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतील. या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून झाड त्या मुळांनी वरून श्वास घेतं. पानावर बोट फिरव, मिठाचे बारीक कण लागतील. जास्तीचं मीठ ते असं बाहेर टाकतं.

आता गळलेलं पान धर. खेकडे ते कुरतडतात, उरलेलं जिवाणू-बुरशी कुजवतात, त्यावर कोळंबीची पिल्लं पोसतात, पिल्लांवर मासे, माशांवर खंड्या. दर पायरीला जेमतेम १० टक्के ऊर्जा वर पोचते. म्हणून खेकडे ढिगाने, खंड्या मोजकेच. (पुस्तकातला तो ऊर्जेचा पिरॅमिड मला इथेच कळला, चिखलात चप्पल गमावून.)

मग एवढे फ्लेमिंगो कसे? लहान फ्लेमिंगो मुख्यतः निळंहिरवं शेवाळ गाळून खातो, म्हणजे जेवतो खालच्याच पायरीवर.

वहीत पक्ष्याच्या नावाआधी तो काय खातोय ते लिही. आणि रविवारी पट्ट्याचे जुने सँडल घालून ये.