वाचकांचे प्रश्न : पहिली चांगली विजेरी घेताना

प्रश्न : आमच्या भागात शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रपाळीत मिळते, त्यामुळे उसाला पाणी देण्यासाठी मला अंधारात बांधावरून जावे लागते. आठवडी बाजारातून घेतलेल्या चार्जिंगच्या बॅटऱ्या सहा महिन्यांत मंद होतात. आता तीन-चार हजार रुपये खर्चून, खिशात मावेल अशी एकच चांगली विजेरी घ्यावी असे मनात आहे. पण कुणी दहा हजार ल्युमेन लिहितो, कुणी लाख. विश्वास कशावर ठेवावा?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : आकडा खरा की खोटा, हे आपण स्वतः घरी पडताळू शकता. आज चांगल्या छोट्या विजेऱ्यांत बहुधा १८६५० किंवा २१७०० या मापाचा लिथियम-आयन सेल असतो. पहिला १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, तर दुसरा २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. नामांकित कंपनीच्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तास असते; याच मापाच्या सेलवर ९९०० लिहिलेले आढळले, तर तो सेल आणि तो विकणारा दोघांनाही नमस्कार करून पुढे जावे. सेलच्या ३.६ व्होल्ट दाबाने ३.५ अँपिअर-तासांना (म्हणजे ३५०० मिलिअँपिअर-तासांना) गुणले की १२.६ वॅट-तास इतकी ऊर्जा येते. चांगला एलईडी आणि त्यामागचे सर्किट मिळून एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ते १३० ल्युमेन उजेड देतात. म्हणजे असा सेल ३०० ल्युमेनचा उजेड चार ते पाच तास देऊ शकतो आणि १००० ल्युमेनचा जेमतेम सव्वा-दीड तास. लाख ल्युमेनचा दावा या हिशेबात कुठेच बसत नाही.

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड, तर तो एका दिशेने किती एकवटला आहे हे कँडेलावरून कळते. मोटर तासाला किती पाणी उपसते ही एक गोष्ट, आणि पाइपच्या तोंडावर बोट धरल्यावर धार किती लांब जाते ही दुसरी. विजेरीच्या बाबतीतही तसेच आहे. विजेऱ्यांसाठी २००९ पासून वापरात असलेल्या अमेरिकी एफएल-१ मानकानुसार, ज्या अंतरावर उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येतो, ते झोताचे अंतर म्हणून खोक्यावर छापले जाते. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की हे अंतर मीटरमध्ये मिळते : १०,००० कँडेलाला २०० मीटर. अंतर दुप्पट हवे असेल, तर कँडेला चौपट लागतात. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात दूरवरचे जनावर कोणते हे ओळखता येत नाही, म्हणून छापील अंतराच्या निम्मेच उपयोगी धरावे.

याच मानकातील दुसरी मेख किती वेळ चालेल या आकड्यात आहे. ल्युमेनची मोजणी विजेरी लावल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या आत होते, आणि चालण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर घसरेपर्यंत मोजला जातो. त्यामुळे ‘१००० ल्युमेन, तीन तास’ असे लिहिलेल्या विजेरीत हजार ल्युमेन दोन-तीन मिनिटेच टिकून पुढे ती तीनशेवर उतरत असली, तरी छापलेले खोटे ठरत नाही. हा दोष नव्हे. मुठीत मावणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून सर्किट स्वतःच उजेड कमी करते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात रात्रीची हवाही गरम असल्याने ते आणखी लवकर करते. माझ्या मते पहिली विजेरी निवडताना विचारण्याचा खरा प्रश्न एवढाच असतो, की अर्ध्या तासानंतर ती किती उजेड देत असेल. चांगले उत्पादक वेळेनुसार उजेडाचा आलेख देतात; तो जिथे नाही, तिथे मी दुसरा पर्याय पाहीन.

आपल्या आठवडी बाजारातल्या विजेऱ्या मंद होण्याची कारणेही यातच आहेत. त्यांतील अनेकींत बंद खोक्यातली लेड-ॲसिड बॅटरी असते, जी रिकामी तशीच पडून राहिली की लवकर निकामी होते. आणि सेलचा दाब उतरला तरी उजेड स्थिर राखणारे सर्किट त्यांत नसते. म्हणून सेल बाहेर काढून बदलता येईल अशीच विजेरी घ्यावी, आणि लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का, हे पाहावे.

आपल्या कामाला बांधावरून चालताना १०० ते ३०० ल्युमेन भरपूर होतात; उसाच्या कडेला रानडुकरे आहेत का हे पाहण्यापुरता २०० मीटरच्या आसपासचा झोत असावा. त्यात मधला झोत आणि भोवतालचा पसरट उजेड दोन्ही हवेत, कारण नुसता अणकुचीदार झोत पायाखालचे दाखवत नाही. रंगाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. निळसर पांढऱ्या उजेडात वाळलेल्या पाचटावर पडलेली घोणस पाचटातच मिसळून जाते. ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, ९०च्या वर असलेला एलईडी तपकिरी रंगाच्या छटा वेगळ्या दाखवतो. अशा एलईडीचे ल्युमेन थोडे कमी भरतात, तरी मी तोच घेईन. (गमबूट आणि काठी यांची जागा कोणतीही विजेरी घेत नाही, हे आपणास सांगायला नकोच.)

बटण चिखलाच्या हाताने दाबता यावे, आणि लखलखाटाचा (स्ट्रोब) प्रकार उजेड कमी-जास्त करण्याच्या नेहमीच्या पायऱ्यांमध्ये येऊ नये. मागचे झाकण पाव फेरा सैल केले की वीज तुटते का, हेही पाहावे. नाहीतर खिशात ती आपोआप लागून कापड भाजू शकते. धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे हे सांगणाऱ्या आयपी६८ या खुणेतला सहा हा आकडा धुळीसाठी असतो, आयपीएक्स८ मध्ये धुळीची चाचणी नोंदलेली नसते. आपल्या काळ्या मातीच्या रानात हा फरक मोलाचा आहे. सोलापुरात नवी पेठेत दुकानदार परवानगी देत असेल, तर विजेरी सर्वांत मोठ्या पायरीवर दहा मिनिटे चालू ठेवून हाताला किती तापते ते पाहावे आणि मग खालच्या पायऱ्यांवर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झोत भिंतीवर बघावा. पडद्यावर सरकते काळे पट्टे दिसले, तर उजेड लुकलुकवून कमी केलेला आहे.

प्रश्न : वीज गेल्यावर मोबाइलचा टॉर्च वापरतोच. घरासाठी वेगळी विजेरी खरेच लागते का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाच मिनिटांसाठी लागत नाही. मात्र वीज तासन्‌तास गेली, तर मोबाइलचे चार्जिंग संपवणे शहाणपणाचे नाही, आणि मोबाइलचा उजेड चार-पाच मीटरपुढे विरतो. घरासाठी साध्या एए मापाच्या सेलवर चालणारी विजेरी मला अधिक सोयीची वाटते, कारण असा सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे पुन्हा चार्ज होणारे सेल घालावेत. अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत राहिले की झिरपतात आणि स्प्रिंग गंजवतात. विजेरी उभी ठेवून झोत छताकडे केला, की शंभर ल्युमेनमध्ये पूर्ण खोली वावरण्याइतकी उजळते. एक-दोन ल्युमेनची मंद पायरी असेल तर उत्तम, रात्री कुणाची झोप मोडत नाही.

प्रश्न : लिथियम सेलची विजेरी उन्हाळ्यात गाडीत ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड ६० अंशांच्याही पुढे तापतो. अशा उष्णतेत सेलची क्षमता कायमची घटते आणि सदोष सेल पेट घेण्याचा धोका वाढतो. चार्जिंग ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच करावे, म्हणजे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली नव्हे, तर रात्री आणि डोळ्यांसमोर. गाडीत विजेरी हवीच असेल, तर एए मापाचे लिथियम-आयर्न डायसल्फाइडचे, पुन्हा चार्ज न होणारे सेल घालावेत. ते ६० अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात आणि झिरपण्याचा धोकाही त्यांत कमी असतो. तेही डॅशबोर्डवर न ठेवता आसनाखाली सावलीत ठेवावेत.