वाचकांचे प्रश्न : खंडणीचा व्हायरस, बनावट मेल आणि पहिला तास

प्रश्न : म्हापशात आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. चार संगणकांवर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते आणि रोजचा बॅकअप सर्व्हरच्याच डी ड्राइव्हवर जातो. अलीकडे एका ओळखीच्या दुकानातल्या सगळ्या फायली कुलूपबंद होऊन खंडणीची मागणी आली. आमचा बॅकअप पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. टॅली एकापेक्षा जास्त संगणकांवर चालवायची तर डेटाचा फोल्डर सर्वांना लिहिण्याच्या परवानगीसह शेअर करावा लागतो. त्यामुळे बिलिंगच्या एका संगणकात व्हायरस शिरला तरी तो सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद करू शकतो. डी ड्राइव्ह त्याच सर्व्हरवर आहे. सर्व्हर हातचा गेला की बॅकअपही गेला. विंडोज स्वतः ठेवते त्या जुन्या प्रतीही असे व्हायरस आधी पुसतात. गूगल ड्राइव्हसारख्या सिंकवर (फायली आपोआप इंटरनेटवर चढवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, कारण कुलूपबंद झालेली फाइलही तिथे इमानेइतबारे पोचते.

एक-एक टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. रोज संध्याकाळी टॅलीच्या डेटा मेनूतून बॅकअप घ्यायचा आणि डिस्क लगेच काढायची. आठवड्याने डिस्क बदलून आधीची घरी न्यायची. महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या संगणकावर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) ताडून पाहा. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि बॅकअपची फाइल अर्धवट होती हे नेमके संकटाच्या दिवशी कळते.

हिशेबनीस घरून काम करतात का, हेही पाहा. त्यांच्यासाठी राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, थेट इंटरनेटला उघडला असेल तर आजच बंद करा. नुसता पोर्टचा आकडा बदलून भागत नाही, स्कॅन करणाऱ्याला तो सापडतोच. व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट) आणि ओटीपी, दोन्ही लावा.

तरीही हल्ला झालाच तर आधी लॅनची केबल काढा आणि वायफाय बंद करा. नेटवर्क तोडता आले तर संगणक चालूच ठेवा, मेमरीतले पुरावे टिकतात. तोडता येतच नसेल तर मात्र वीज बंद करा. पडद्यावरच्या मजकुराचा मोबाइलवर फोटो घ्या आणि फायलींना कोणते नवे एक्स्टेंशन (नावातला टिंबानंतरचा भाग) लागले ते लिहून ठेवा. त्या खुणेवरून ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर मोफत किल्ली मिळते का ते पाहता येते. व्हायरसच्या काही जातींचीच मिळते. घाईने फॉरमॅट मारू नका. जुनी डिस्क बाजूला ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज घाला आणि बॅकअपची डिस्क त्यानंतरच जोडा. खंडणी देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे भरूनही डेटा पूर्ण परत येईल याची हमी नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायची असते आणि लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. राउटरचे लॉग सुरू आहेत का, एवढे तरी आज बघाच.

प्रश्न : कळंगुटला आमचे छोटे हॉटेल आहे. पाहुण्याच्या तक्रारीच्या मेलमधली लिंक उघडली की ‘मी रोबो नाही’वर टिचकी मारायला आणि मग विंडोज व आर ही बटणे दाबून पेस्ट करायला सांगतात. एका कर्मचाऱ्याने तसे केले.

उत्तर : त्या टिचकीने एक कमांड कॉपी होते आणि कर्मचारी ती स्वतःच्या हाताने चालवतो. म्हणूनच अँटिव्हायरसला ती पुष्कळदा दिसत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिन चोरीला गेले असे धरून चाला. तो संगणक वेगळा काढा. दुसऱ्या संगणकावरून बुकिंग पोर्टल आणि मेलचे पासवर्ड बदला आणि ‘सर्व ठिकाणांहून लॉग-आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलल्याने चोरलेले लॉगिन बंद होतेच असे नाही. मेलमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग नियम (मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा) आहे का ते तपासा. चोर तुमच्याच खात्यातून पाहुण्यांना पुन्हा पैसे भरायला सांगतात. ऐन हंगामात हे फार महागात पडते, म्हणून येणाऱ्या पाहुण्यांना आजच फोनवरून सावध करा. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी या सेटिंगमधून रन (विंडोज व आर दाबल्यावर उघडणारी कमांडची चौकट) बंद करता येते. फ्रंट ऑफिसला त्याची गरज नसते.

प्रश्न : पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याची मेल आली, आम्ही काल पैसे पाठवले. खाते भामट्याचे निघाले. आता? (वेर्णा)

उत्तर : हे वाचताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि तुमच्या बँकेला फोन करा. यूटीआर क्रमांक (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. त्यानंतर रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. यापुढे खाते बदलल्याचे कळले की खतावणीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. आलेली मेल पुसू नका आणि फॉरवर्डवरही भागवू नका. ती मूळ स्वरूपात डाउनलोड करून ठेवा, कारण ती कोणत्या सर्व्हरवरून आली हे सांगणारे हेडर फॉरवर्ड केल्यावर गळून पडतात.